राखीव फोन

इथल्या जुन्या सभासदांना माझा आयडी आठवत असेल, आणि आठवत असेल तर फारसा प्रेमाने नाही. अशा भुताखेतांच्या अनुभवांच्या धाग्यांवर येऊन ‘फोटो का नाही काढला?’, ‘आदल्या दिवशी काय जेवला होतात?’ असले खवचट प्रतिसाद टाकणारा तो मीच. एका ताईंनी त्यांच्या आत्याचा अनुभव लिहिला होता, त्यावर मी त्यांना इतकं पिडलं की शेवटी त्यांनी धागाच काढून टाकला. ताई, वाचत असाल तर मनापासून माफी मागतो.

मी सुहास. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही ती झालीच नाही असं धरून चालायचं, यावर माझं पोट चालतं. आमच्या घरात देव होते, पण भुतंखेतं, भास, संकेत असलं काही नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बोर्डात वायरमन होते. पाटणच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर एकट्याने सायकलवर जायचे, खांबावर चढायचे. त्यांना आयुष्यात एकदाही काही दिसलं नाही. त्यामुळे मला दिसेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

आणि हे मी लिहिणारही नव्हतो. पण परवा आमच्या बिल्डिंगसमोर ते दोन तात्पुरते ‘हाल्टेफरबोट’चे, म्हणजे ‘इथे गाडी थांबवू नका’ अशा पाटीचे खांब येऊन उभे राहिले. इथे घर बदलताना सामानाच्या गाडीला जागा मिळावी म्हणून आधी परवानगी काढून लावतात ते, खाली तारीख आणि वेळ लिहिलेली. येत्या शनिवारची. कोण चाललंय बुवा, असं म्हणत मी आत शिरलो तर जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची शर्वरी दिसली, हातात रिकामी खोकी. ती माझ्याकडे एकदा बघून वर गेली. म्हणून हे लिहितोय.

तर सगळं नीट सांगतो. आम्ही गेर्लिंगेनला राहतो, श्टुटगार्टच्या शेजारी. तीन मजली बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर आम्ही – मी, बायको, चौदा वर्षांची मुलगी. दुसऱ्यावर मंदार आणि शर्वरी. मंदारची ओळख आठ वर्षांपूर्वी ‘केअरवोखे’मुळे झाली. इकडच्या श्वाबिश लोकांची ही पद्धत – आठवड्याची पाळी लावून प्रत्येक घराने जिना पुसायचा. मंदार नवा होता. त्याने सरळ आपल्यासारखी बादली ओतली. पाणी जिन्याने उतरत तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंच्या पायपुसण्याखाली गेलं, आणि मला वरती शुद्ध मराठीत ‘मेलो आता’ असं ऐकू आलं. मी फडकं घेऊन खाली धावलो. तेव्हापासून आमची दोस्ती. दोस्ती कसली, सख्ख्या भावासारखं होतं सगळं. माझ्या घराची किल्ली त्याच्याकडे, त्याच्या घराची माझ्याकडे.

सायकल मी त्याला लावली. मला ती अण्णांकडून आली. लहानपणी त्यांच्या मागे कॅरिअरवर बसून जायचो, आणि चढ लागला की मला गप्प बसावं लागायचं. चढावर बोलायचं नाही, दम तुटतो, असा त्यांचा कायदा. अगदी ‘अण्णा, तहान लागली’ एवढंही नाही. जे काय असेल ते वर गेल्यावर. हा कायदा मी मंदारलाही लावला होता. चढावर तोंड बंद, नुसत्या खुणा. पुढचा डावा हात खाली करून हलवतो म्हणजे खडी आहे. मूठ वर म्हणजे थांब. मागच्याने पुढच्याचं मागचं चाक सोडायचं नाही. वारा पुढच्याने खायचा, मागच्याने डोळे झाकून विश्वास ठेवायचा. हे मी काव्यात्म वगैरे लिहीत नाहीये, सायकल चालवणाऱ्या कोणालाही विचारा, हीच पद्धत आहे.

आमचा अजून एक नियम होता. लांबच्या राईडला दोघांपैकी एकाचाच फोन चालू ठेवायचा. दुसऱ्याचा पूर्ण बंद करून, प्लास्टिकच्या झिपपिशवीत घालून, जर्सीच्या मागच्या खिशात. तो राखीव. कारण एकदा ब्लॅक फॉरेस्टमध्ये दोघांच्याही बॅटऱ्या एकदमच गेल्या आणि आम्ही भिजलेल्या कोंबड्यांसारखे एका बसस्टॉपवर दीड तास बसलो होतो. घरच्यांनाही माहीत असायचं, आज कोणाचा चालू आणि कोणाचा राखीव. अत्यंत हुशारीचा नियम. इंजिनिअर लोकच करू जाणे असला. त्यात एकच भानगड होती – ज्याचा फोन बंद, त्याचं सगळं जग दुसऱ्याच्या खिशात. पण ती आम्हाला कधी दिसलीच नाही.

आता तो रूट. ऱ्हाईनच्या अलीकडे जर्मन बाजूला ब्रायझाख म्हणून गाव आहे. तिथून पूल ओलांडला की फ्रान्स. आधी द्राक्षांचे मळे, सपाट, मजेचे. मग समोर व्होजचे डोंगर. वासरबुर्ग नावाचं एक चिमुकलं गाव लागतं आणि तिथून ‘पेटी बालाँ’चा चढ सुरू होतो. नाव ऐकून आम्ही हसलो होतो – लहान फुगा. नऊएक किलोमीटर, मध्ये कुठेही दया नाही, आणि मग तसलेच आणखी दोन घाट करून परत ब्रायझाख. आमच्यासारख्या ऑफिसात बसून पोट सुटलेल्यांना हे म्हणजे जरा अतिच होतं. वर्षभर तयारी केली. अण्णा कराडहून व्हिडिओ कॉलवर दर रविवारी विचारायचे, किती झालं, घाट केवढा आहे, गिअर लहान लावलास का. त्यांना फ्रान्सशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना चढाशी होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही तो केला. शनिवार होता, लख्ख ऊन. मंदारचा फोन चालू, माझा राखीव. वासरबुर्गच्या चौकात दगडी हौद आहे, त्यावर पाण्याची धार सतत चालू असते. तिथे मी बाटल्या भरल्या, आणि मग चढलो. तो दिवस कसा गेला ते सांगत बसत नाही. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस, असं मी संध्याकाळी साडेपाचला ब्रायझाखच्या पुलावर स्वतःशी म्हणालोसुद्धा.

पुलापलीकडे सायकल भिंतीला टेकवून मंदार म्हणाला, जरा खाली बस. मग म्हणाला, डोंगरात रेंजच नव्हती, आत्ता आली, वैशालीचे मिस्ड कॉल दिसतायत. वैशाली माझी धाकटी बहीण, कराडला असते. मी राखीव फोन पिशवीतून काढून चालू केला. तोवर अण्णा व्हेंटिलेटरवर होते. सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून नेलं, दुपारी शुद्ध गेली. मी विमानात बसायच्या आत ते गेले.

मंदारने मला फ्रँकफर्टला सोडलं. माझी बॅग त्याने भरली. विमानतळावर मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो आणि तो माझी पाठ थोपटत होता. ही पाठ थोपटण्याची गोष्ट मला अजून पचत नाही.

कराडला वैशालीने एकदाच विचारलं, ‘एवढा वेळ का रे लागला दादा?’ मी म्हटलं, रेंज नव्हती. ती म्हणाली, हो, कळलं मला. बस्स. त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. तिला वाटलं मला बोलायला त्रास होतो, मला वाटलं तिला होतो.

यंदा वर्ष झालं. वर्षश्राद्ध वैशालीने तिकडे केलं. मला काहीतरी आपलं करायचं होतं. मी मंदारला म्हटलं, तोच रूट करू, अण्णांसाठी. तो आढेवेढे घ्यायला लागला. आल्झो, म्हणजे तोच कशाला, दुसरा कुठला करू, मोझेल नदीकडे जाऊ, गुडघा दुखतोय. मी ऐकलं नाही. एकच बदल मी केला: दोघांचेही फोन चालू. राखीव वगैरे बंद.

या वेळी ऊन नव्हतं. सकाळपासून धुकं. वासरबुर्गला पोचलो तेव्हा घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, मी हँडलवरच्या कॉम्प्युटरवर बघितली. हौदावर बाटल्या भरल्या. मंदार माझ्या मागे काहीतरी करत होता, चाकाकडे वाकून. मी म्हटलं, निघतो रे, ये तू. त्याने हूं केल्यासारखं मला वाटलं. निघालो.

गाव संपून पहिलं वळण येतं तिथे तो डावीकडून मला ओलांडून पुढे गेला. ओलांडताना जीभ टाळ्याला लावून ‘टक्’ असा आवाज करायची त्याची सवय आहे, तो आवाज केला. तीच नारिंगी जर्सी. सीटखालच्या छोट्या पिशवीचा पट्टा तुटला होता तो मीच हिरव्या इलेक्ट्रिकल टेपने बांधून दिला होता, ती टेप दिसत होती. मी नेहमीसारखा त्याच्या मागच्या चाकाला चिकटलो. धुकं इतकं होतं की त्याच्यापलीकडे काही दिसतच नव्हतं. त्याने डावा हात खाली करून हलवला. मी सांभाळलं, आणि खरंच वळणावर बारीक खडी पसरली होती.

तिसऱ्या-चौथ्या वळणाला, जिथे चढ सगळ्यात तिखट आहे, तिथे तो बोलायला लागला.

‘सुहास, मागच्या वर्षी फोन सकाळी आला होता.’

मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. चढावर आम्ही बोलत नाही. आणि बोलणार कसं, माझ्या छातीचा भाता वरखाली होत होता, शब्द फुटणं शक्य नव्हतं. आणि हा गृहस्थ गादीवर बसून पेपर वाचावा तसा बोलत होता. धाप नाही, थांबणं नाही, वळून बघणं नाही. आवाज त्याचाच. शंभर टक्के त्याचा.

तो सांगत गेला. सव्वानऊला फोन आला, तू हौदावर बाटल्या भरत होतास, माझ्याकडे पाठ होती. वैशाली म्हणाली अण्णांना अ‍ॅडमिट केलंय, दादाला द्या. मी म्हटलं तो पुढे निघून गेलाय, वरती रेंज नाही, गाठला की सांगतो. तू दहा पावलांवर होतास. मला वाटलं संध्याकाळी सांगू. वर्षभर मेहनत केली होती. तू आणि मीही. मग मी फोन सायलेंट केला.

मी ओरडलो असेन. काय ओरडलो आठवत नाही, शिव्याच असणार. तो थांबला नाही, उत्तर दिलं नाही. मला त्याचं तोंड बघायचं होतं. मी उभा राहून पेडल मारली, जीव खाऊन मारली, पण अंतर तेवढंच. एका चाकाचं. मी हळू झालो तर तोही हळू. आणि आवाज चालूच, तसाच सपाट. त्यानंतर तो आणखी एक गोष्ट बोलला. ती मी आत्ता सांगत नाही, शेवटी सांगतो. आजवर ती कोणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही.

वर गेल्यावर कुरणं लागतात, झाडं संपतात. तिथे धुकं एकदम फाटलं. गायींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. समोर पाऊण किलोमीटर सरळ रस्ता दिसत होता आणि त्यावर कोणीही नव्हतं. मंदार नव्हता. मागे बघितलं, मागेही नव्हता. बाजूला कुंपणाची तार, पलीकडे गायी. सायकल घेऊन माणूस जाईल अशी जागाच नाही.

मी सायकल टाकून दिली आणि गवतात बसलो. मग फोन बघितला – चढावर तो वाजलेला मला ऐकूच आला नव्हता – आणि तिथे खरी बोबडी वळली. मंदारचे पाच मिस्ड कॉल. पहिला नऊ वाजून अठराचा. खाली मेसेज – ‘अरे थांब, पंक्चर झालंय, हाका मारतोय.’ मग एक फोटो. हौदाचा दगड, त्यावर टेकवलेलं त्याचं मागचं चाक, बाहेर काढलेली ट्यूब. वेळ नऊ एकतीस. त्या वेळी मी चढाच्या मध्यावर होतो, त्याच चाकाच्या मागे.

मी आलो त्याच रस्त्याने खाली उतरलो. सावकाश, दोन्ही ब्रेक दाबून. हौदापाशी मंदार बसलेला होता, चाक मांडीवर, हात काळे. पंपाची नळी तुटली होती. समोरच्या घरातल्या एक आजी त्याच्यासाठी कॉफी घेऊन उभ्या होत्या. त्या इकडच्या आल्सेस भागातल्या म्हाताऱ्या माणसांसारखं मोडकं जर्मन बोलत होत्या. मी त्यांना विचारलं, हा इथे कधीपासून आहे? त्या म्हणाल्या, तू गेलास तेव्हापासून, कुठे जाणार बिचारा? मंदार वैतागून म्हणाला, एवढ्या हाका मारल्या, बहिरा आहेस का?

मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, ‘मागच्या वर्षी फोन सव्वानऊला आला होता. इथे. मी पाणी भरत होतो.’

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो ‘नाही’ म्हणाला नाही. ‘कसला फोन’ म्हणाला नाही. मांडीवरचं चाक खाली ठेवून म्हणाला, ‘शर्वरीने सांगितलं?’

मला वाटतं, धुक्यातल्यापेक्षा हे जास्त भयंकर होतं. तोवर माझ्यातला टेस्टर मला सांगत होता, तुला चढावर ऑक्सिजन कमी पडला, डोक्यातल्या शंका बोलायला लागल्या. पण या दोन शब्दांत त्याने सगळं कबूल केलं. आणि वर हेही कळलं की शर्वरीला माहीत होतं. वर्षभर ती माझ्याकडे डबे पाठवत होती, अण्णांच्या फोटोला हार करून देत होती, आणि तिला माहीत होतं.

मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. सायकलला टांग मारली आणि एकटा ब्रायझाखला गेलो.

संध्याकाळी घरी आल्यावर वैशालीला फोन लावला. एवढंच विचारलं, तू त्या दिवशी मंदारशी किती वाजता बोललीस, काय काय झालं, सगळं सांग. ती म्हणाली, म्हणजे? त्यांनी तुला सांगितलं नाही? आणि मग तिने जे सांगितलं ते त्या चढावर ऐकलेल्याशी जुळलं. वेळेसकट. मी जी शेवटी सांगणार आहे ती गोष्टही – तिला माहीत होती तेवढी – जुळली.

आता शर्वरीचं. मंदारच्या डोक्यात बसलं ते बसलं. फोन आला होता हे वैशालीलाही माहीत होतं, पण तेव्हा मी तिथेच हौदावर होतो ही गोष्ट त्याच्या मते जगात दोघांनाच माहीत होती, तो आणि बायको. तो बोलला नव्हता, म्हणजे ती बोलली. पंधरवड्यात खालच्या मजल्यावर भांडणं सुरू झाली. शर्वरी एकदा वर आली. तिने आधी माझी माफी मागितली, की मला सकाळच्या फोनचं माहीत होतं आणि मी गप्प बसले. मग म्हणाली, ‘मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, त्याची शिक्षा असती तर भोगली असती. जे केलंच नाही त्याची भोगतेय.’ मी तिला आडून विचारलं, त्या फोनवर आणखी कोणाचं काय बोलणं झालं, मंदारने तुला सांगितलं होतं का? ती म्हणाली, आणखी कोणाचं? तिला काही कल्पना नव्हती. मी विषय बदलला.

मी मंदारला एकदा, जिन्यातच, सांगितलं की शर्वरीने सांगितलेलं नाही, मला तूच सांगितलंस, चढावर. तो म्हणाला, तिला पाठीशी घालण्यासाठी आता भुताखेतांच्या गोष्टी रचतोस? तू? त्याचंही बरोबर आहे म्हणा. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, वर खवचट हसलोही असतो. माझ्या मुलीला थोडंसं सांगितलं तर ती जर्मनमध्ये म्हणाली, पापा, डोंगरावर असं होतं, आमच्या बायोलॉजीत आहे. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हटलं, असेल.

पण खरं सांगायचं तर मी फार जोर लावलाच नाही. शर्वरी बोलली नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे ती शेवटची गोष्ट होती, आणि ती मी दाबून ठेवली. सहा महिने. का ठेवली? एक तर ती माझी होती, माझ्या बापाची होती, ती त्या माणसाच्या हातात पुन्हा द्यायची नव्हती. आणि दुसरं कारण लाज वाटण्यासारखं आहे. मला बरं वाटत होतं. ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला त्याने फसवलं की कसं आतून पोखरतं, ते त्यालाही कळू दे, असं वाटत होतं. खालून भांडणाचा आवाज आला की मी टीव्ही बंद करून ऐकायचो. शर्वरीचं काय होतंय त्याचा विचार येत होता, मी तो बाजूला ठेवत होतो. संध्याकाळी सांगू, असं मंदारने केलं. मीही तेच केलं, फक्त माझी संध्याकाळ सहा महिन्यांची होती.

आता तिने तिच्या कंपनीच्या ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसला बदली घेतलीय. एकटी जातेय. शनिवारी सामानाची गाडी येणार आहे.

तर ती गोष्ट. मंदार, तू इथे वाचतोस हे मला माहीत आहे, हा फोरम तुला मीच दाखवला होता.

त्या चढावर, कुरणं लागायच्या जरा आधी, तुझ्या आवाजात तो म्हणाला की फोन ठेवण्याआधी वैशालीने सांगितलं, अण्णा दादाला मागतायत, त्यांना आवाज धड कळत नाहीये, तुम्हीच दोन शब्द बोला. आणि तिने फोन अण्णांच्या कानाला लावला. अण्णांनी विचारलं, ‘चढ संपला का रे?’

त्यांना वाटलं मी आहे. एवढं वैशालीलाही माहीत आहे, ती शेजारी उभी होती. ‘मग आता सावकाश उतर’ असं अण्णा नंतर म्हणाले तेही तिने ऐकलं. ती समजत होती की तू हे मला त्याच दिवशी सांगितलं असशील. पण मध्ये तू काय उत्तर दिलंस ते तिला ऐकू आलं नाही, फोन अण्णांच्या कानाशी होता. ते अण्णांना ऐकू आलं, आणि अण्णा गेले. शर्वरीला तर हे बोलणं झालं हेच माहीत नाही. म्हणजे ते उत्तर जगात फक्त तुला माहीत आहे, शर्वरी ते मला सांगूच शकत नव्हती.

तू म्हणालास, ‘हो अण्णा, संपला.’

चढ सुरूही झाला नव्हता. मी हौदावर दुसऱ्या बाटलीचं झाकण लावत होतो.

चढावर माझ्यापुढे कोण होतं, मला माहीत नाही. मी रूटची फाईल शंभर वेळा बघितली, तुझी राईड तासभर हौदापाशी थांबलेली दिसते आणि माझी एकट्याची वर जाताना दिसते. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. इथल्या लोकांनी मला हवं ते म्हणावं, मी इतरांना कमी बोललेलो नाही.

पण ते उत्तर बरोबर आहे की चूक, हे फक्त तू सांगू शकतोस. मला सांगू नकोस, मला माहीत आहे. शर्वरीला सांग. शनिवारी गाडी आठ वाजता येणार आहे, पाटीवर लिहिलंय.